मायग्रेनसाठी केलेला डिसेबिलिटीचा अर्ज नामंजूर झाला, आता पुढे काय?

पत्र: मी ४१ वर्षांची आहे. न्यू जर्सीत राहते, ग्रीन कार्ड आहे. इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ९ वर्षं नोकरी केली. कॉलेजपासून अर्धशिशीचा त्रास आहे, पण गेल्या तीनेक वर्षांत महिन्यातले १६-१७ दिवस डोकं दुखतं आणि त्यातले १०-१२ दिवस अंधाऱ्या खोलीत पडून काढावे लागतात. उलट्या होतात, स्क्रीनकडे बघवत नाही. रजा संपल्या, ऑफिसकडून लेखी तंबी मिळाली, शेवटी राजीनामा दिला. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं. सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे पेन्शन-भत्ते देणाऱ्या इथल्या सरकारी यंत्रणेकडे, डिसेबिलिटीसाठी (आजारामुळे काम न करता येणाऱ्यांना मिळणाऱ्या भत्त्यासाठी) अर्ज केला होता. तो पाच आठवड्यांपूर्वी नामंजूर झाला. एमआरआय नॉर्मल आहे आणि तुम्ही काम करू शकता, असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, सगळं नीट लिहून नव्याने अर्ज कर. मैत्रीण म्हणते, मायग्रेनला कुणी डिसेबिलिटी देत नाही. रविवारी मी मराठी शाळेत दीड तास शिकवते, ते लपवावं का?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी नामंजुरीच्या पत्रावरची तारीख बघा. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावं लागतं. पत्र पोस्टाने यायला ५ दिवस लागले असं धरतात, म्हणजे पत्रावरच्या तारखेपासून ६५ दिवस. तुमचे पाच आठवडे गेलेत, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात ‘रीकन्सिडरेशन’ची, म्हणजे फेरविचाराची, मागणी दाखल करा. फॉर्म एसएसए-५६१ आणि त्याच्यासोबत तब्येतीची ताजी माहिती देणारा एसएसए-३४४१. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. कागदपत्रं गोळा व्हायची असली तरी थांबू नका, मागणी मुदतीत गेली की पुरावे नंतर जोडता येतात.

नव्याने अर्ज करायचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो ऐकू नका. नव्या अर्जाने जुन्या अर्जाची तारीख हातची जाते आणि मागच्या महिन्यांची थकबाकी त्या तारखेवर ठरते. शिवाय जुना नामंजूर निर्णय अंतिम होऊन बसतो आणि पुढे तोच आडवा येतो. अपिलात तुमची तीच फाइल पुढे जाते.

आता पात्रतेचं बघू, कारण ते अनेकांना माहीत नसतं. एसएसडीआय हा पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटी टॅक्सवर मिळणारा विमा आहे. कमाईप्रमाणे त्यात ‘क्रेडिट’, म्हणजे गुण, जमा होतात, वर्षाला जास्तीत जास्त ४. २०२५ मध्ये एका क्रेडिटसाठी १,८१० डॉलरची कमाई लागत होती. तुमच्या वयाला २० क्रेडिट लागतात आणि ती काम थांबण्याआधीच्या १० वर्षांतली हवीत. तुमची ९ वर्षं सलग असतील तर तुम्ही या अटीत सहज बसता. पण हा विमा कायमचा नाही. काम थांबल्यावर साधारण ५ वर्षांनी तो संपतो आणि डिसेबिलिटी त्या तारखेच्या आत सुरू झाली होती हे दाखवावं लागतं. फेरविचार सोडून नव्या अर्जांत वर्षं घालवू नका म्हणायचं हे दुसरं कारण. भारतात केलेली नोकरी आणि तिथला पीएफ इथे मोजत नाहीत, कारण अमेरिका आणि भारत यांच्यात सोशल सिक्युरिटीचा तसा करारच नाही. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या आणि इथे कधी पगारी काम न केलेल्या बायकांना म्हणूनच स्वतःच्या नावावर एसएसडीआय मिळत नाही. कष्ट त्यांनीही केलेले असतात, पण कायदा फक्त टॅक्स भरलेली कमाई मोजतो.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत मायग्रेनचं स्वतंत्र कलम नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एसएसआर १९-४पी नावाचा नियम काढला. तो डोकेदुखीच्या आजारांसाठीच आहे, आणि तुमच्या फाइलमधला प्रत्येक कागद आता त्याच्याशी ताडून बघायचा आहे. या नियमाप्रमाणे मायग्रेनची तुलना अपस्माराच्या ११.०२ या कलमाशी करतात. दोन वाटा आहेत. पहिली ११.०२बी: आठवड्यातून किमान एकदा, सलग ३ महिने, डॉक्टरांनी दिलेले उपचार नीट घेऊनही अटॅक येत राहणं. दुसरी ११.०२डी: दोन आठवड्यांतून किमान एकदा, सलग ३ महिने, उपचार घेऊनही, आणि त्याशिवाय शारीरिक हालचाल, समजणं-लक्षात ठेवणं, माणसांत वावरणं, एकाग्रता आणि कामाचा वेग, स्वतःला सांभाळणं यांपैकी एका बाबतीत ठळक मर्यादा. तुमचे महिन्याचे १०-१२ दिवस दर आठवड्याला किमान एका अटॅकमध्ये विभागलेले असतील तर पहिल्या वाटेत बसायला पुरेसे आहेत. पण ते तुमच्या सांगण्यात असून भागत नाही, डॉक्टरच्या फाइलमध्ये हवेत.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. न्यूरोलॉजिस्टकडे तीन महिन्यांनी भेट, पंधरा मिनिटांची. डॉक्टर विचारतात, कसं आहे? आपण म्हणतो, तसंच आहे. फाइलमध्ये नोंद होते: मायग्रेन, स्थिर, औषध चालू. सोशल सिक्युरिटीच्या वतीने फाइल बघणारा तपासनीस ते वाचतो आणि त्याच्या लेखी तुम्ही बऱ्या आहात. ‘स्थिर’ म्हणजे ‘महिन्याला बारा दिवस आडवी, आणि त्यात फरक नाही’ हे त्या कागदावर कुठेच नसतं.

एसएसआर १९-४पी मध्ये काय बघतात हे लिहून ठेवा. अटॅक किती वेळा येतो. एका नेहमीच्या अटॅकचं डॉक्टरने केलेलं सविस्तर वर्णन: आधी कोणती लक्षणं दिसतात, डोळ्यांपुढे झळाळी किंवा आकृत्या येतात का, किती वेळ टिकतो, किती तीव्र, सोबत उलटी, प्रकाश-आवाज सहन न होणं. उपचार नियमित घेतले का. औषधांचे दुष्परिणाम, उदाहरणार्थ गुंगी, गोंधळल्यासारखं होणं. आणि अटॅकमध्ये काय करता येत नाही, म्हणजे अंधाऱ्या शांत खोलीत हालचाल न करता पडून राहावं लागतं का, झोप मोडते का.

याच नियमात एक गोष्ट आहे जी फार कमी जण वापरतात. अटॅक डॉक्टरने स्वतः पाहिला असेल तर उत्तम. तुम्ही अटॅकमध्ये कधीच दवाखान्यात गेला नसाल, आणि तशा अवस्थेत कुणी जात नाही, तर घरच्या माणसाने पाहिलेलं वर्णनही विचारात घेतात. अट एवढीच की ते डॉक्टरने आपल्या नोंदीत लिहिलेलं असावं आणि बाकीच्या पुराव्यांशी जुळावं. नवऱ्याने घरी बसून लिहिलेलं पत्र वेगळं, आणि तेच त्याने डॉक्टरसमोर सांगून फाइलमध्ये उतरवून घेणं वेगळं. म्हणून पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगावं: ‘ती बाथरूमच्या फरशीवर बसते, बोललं तर हात हलवून थांबवते, चेहरा पांढरा पडतो, एका तासात चार वेळा उलटी होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाक्य मध्येच तुटतं.’ आणि डॉक्टरांना स्पष्ट विनंती करा की हे आजच्या नोंदीत लिहा. जमलं तर एखाद्या अटॅकच्या दिवशी तातडीची वेळ मागा. गाडी तुम्ही चालवू नका.

नॉर्मल एमआरआयमुळे खचून जाऊ नका. मायग्रेन ही ‘प्रायमरी’ डोकेदुखी आहे, म्हणजे गाठ, रक्तस्राव, संसर्ग असं दुसरं कारण नसलेली. ती कारणं नाहीत हे एमआरआय दाखवतो, आणि निदानाला त्याचा आधारच मिळतो. नियमातही हेच म्हटलंय. फेरविचाराच्या अर्जात हे एका वाक्यात लिहा: नॉर्मल एमआरआय प्रायमरी डोकेदुखीच्या निदानाशी सुसंगत आहे, एसएसआर १९-४पी बघावा. मात्र निदान अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरचं हवं. भारतातले जुने कागद, अगदी कॉलेजच्या काळातली चिठ्ठीसुद्धा, आजार किती जुना आहे हे दाखवायला इंग्रजी भाषांतरासह जोडा. निदानाचा पाया त्यांच्यावर उभा राहत नाही.

आता उपचार. नियमातले ‘उपचार घेऊनही’ हे शब्द फार वजनाचे आहेत. तुम्ही कुठली औषधं घेता ते पत्रात नाही, म्हणून सगळं सांगतो. क्रॉनिक मायग्रेनची व्याख्या आहे: ३ महिन्यांहून जास्त काळ, महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनची लक्षणं. तुमचे आकडे त्यात बसतात. तेव्हा निदान ‘मायग्रेन’ एवढंच लिहिलंय की ‘क्रॉनिक मायग्रेन’, तेवढं डॉक्टरांकडून तपासून घ्या. प्रतिबंधासाठी टोपिरामेट, प्रोप्रॅनोलोल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. बोटॉक्स १५५ युनिट, डोकं आणि मानेवर ३१ जागी, दर १२ आठवड्यांनी. अलीकडे सीजीआरपी या मायग्रेनशी संबंधित प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत. यांतलं काय, किती डोसने, किती महिने घेतलं आणि का थांबवलं याचा एक पानी तक्ता करा आणि डॉक्टरांकडून फाइलमध्ये लावून घ्या. टोपिरामेटने शब्द आठवेनासे होतात म्हणून तुम्ही मनानेच सोडलं असेल तर फाइलवर ते ‘रुग्णाने औषध घेतलं नाही’ असं दिसतं. डॉक्टरांना सांगून सोडलं तर तोच दुष्परिणाम तुमच्या बाजूचा पुरावा होतो. इन्शुरन्सने सीजीआरपी औषध नाकारलं असेल तर ते पत्र फेकू नका. परवडत नसणं, मिळत नसणं ही उपचार न घेण्याची योग्य कारणं धरली जातात, पण ती कागदावर दिसली पाहिजेत.

एक काळजीची गोष्ट. सुमाट्रिप्टानसारख्या ट्रिप्टान गोळ्या किंवा कॅफीन मिसळलेल्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १० किंवा त्याहून जास्त दिवस, आणि साध्या आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलसारख्या १५ किंवा त्याहून जास्त दिवस, अशा ३ महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर औषधांमुळेच डोकेदुखी वाढते. महिन्याला १६-१७ दिवस दुखणारं माणूस नकळत या रेषेपलीकडे जातं. अशी डोकेदुखी ‘सेकंडरी’ प्रकारात मोडते आणि तपासनीस तेवढंच धरून अर्ज फेटाळू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा त्रास त्याने वाढतोय. गोळ्यांचे दिवस मोजा, आकडा न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवा आणि गोळ्या कमी करण्याची योजना आखून घ्या. गोळ्या आटोक्यात आणूनही अटॅक तसेच राहिले, तर तुमची बाजू आणखी भक्कम होते.

नोंदवही आजपासून सुरू करा. मोठी नको, भरता येईल एवढी. एक नोंद अशी: ‘मंगळवार. पहाटे ४ ला उजव्या डोळ्यामागे ठणका. ५ ला सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास आला आणि उलटी झाली. दुपारी ३ पर्यंत अंधारात. मुलीला शाळेतून नवऱ्याने आणलं. बुधवारी सकाळपर्यंत सुन्न, ईमेल तीनदा वाचूनही कळला नाही.’ बरे दिवसही लिहा. सगळे दिवस सारखेच वाईट दाखवणाऱ्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. दर भेटीला तिची प्रत डॉक्टरांना द्या, म्हणजे ती त्यांच्या रेकॉर्डचा भाग होते. ही वही इंग्रजीत ठेवलीत तर भाषांतराची यातायात वाचेल.

आता मराठी शाळेचं. लपवू नका. खोटं सापडलं की बाकी खऱ्यावरचाही विश्वास जातो. शिवाय दीड तास शिकवता येणं आणि आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास, वेळेवर हजर राहून काम करता येणं यांत फार अंतर आहे, आणि कायद्याचा प्रश्न त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. एसएसए-३३७३ या ‘फंक्शन रिपोर्ट’मध्ये लोक नेमके इथे फसतात. ‘स्वयंपाक करता का?’ याला आपल्याकडची बाई सवयीने ‘हो, रोज’ लिहिते. खरं उत्तर असं असतं: ‘बऱ्या दिवशी कुकर लावते, वीस-पंचवीस मिनिटं. महिन्यातले दहा-बारा दिवस नाही, तेव्हा नवरा करतो किंवा बाहेरून आणतो.’ शाळेबद्दलही तसंच: आठवड्याला दीड तास, गेल्या तीन महिन्यांत किती रविवारी जाता आलं नाही, तेव्हा वर्ग कुणी घेतला, शिकवून आल्यावर किती वेळ झोपावं लागतं. शाळेच्या समन्वयकांकडून गैरहजेरीची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर तीच शाळा तुमच्या बाजूने बोलेल. मानधन मिळत असेल तर तेही सांगा. २०२५ मध्ये महिन्याला १,६२० डॉलरपेक्षा जास्त कमाई असेल तर अर्ज पहिल्याच पायरीवर थांबत होता. त्याच्या आतली कमाई आड येत नाही, पण कळवावी लागते.

‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द तुम्हाला नडू शकतात, पण ते दुरुस्त करण्यासारखे आहेत. ऑफिसची लेखी तंबी, रजेचे तपशील, ‘आज डोकं दुखतंय, लॉगइन करू शकत नाही’ असे तुमचे जुने ईमेल आणि मेसेज, हे सगळं जमवा. एखाद्या माजी सहकाऱ्याने पाहिलेलं लिहून दिलं तर फार चांगलं. एसएसए-३३६९ या कामाच्या इतिहासाच्या फॉर्ममध्ये ‘टेस्टर’ एवढंच लिहू नका. दिवसाचे किती तास स्क्रीन, एकाच वेळी किती गोष्टींवर लक्ष, रात्रीचे कॉल, डेडलाइन हे लिहा. २०२४ पासून मागच्या फक्त ५ वर्षांतलं काम बघतात. आधी १५ वर्षांतलं बघत.

बेरोजगार भत्ता घेत असाल किंवा घ्यायचा विचार असेल तर जपून. त्यासाठी ‘मी काम करायला सक्षम आहे आणि तयार आहे’ असं सांगावं लागतं. इकडे त्याच काळात ‘मी काम करू शकत नाही’ म्हणायचं, हे जुळत नाही.

फेरविचारात त्याच राज्य कार्यालयातला दुसरा तपासनीस फाइल बघतो. ते एखादी तपासणी त्यांच्या डॉक्टरकडे करायला सांगतील, ती चुकवू नका. त्या दिवशी अटॅक असेल तर जाण्यापूर्वी फोन करून दुसरी तारीख घ्या. फेरविचारही नामंजूर झाला तर हिंमत सोडू नका, पुन्हा ६० दिवसांत न्यायाधीशासमोर सुनावणी मागा. मायग्रेनच्या प्रकरणात खरी तड तिथेच लागते, कारण तिथे तुम्हाला प्रत्यक्ष बोलता येतं आणि नोकऱ्यांची माहिती असलेल्या तज्ज्ञाला प्रश्न विचारता येतात. त्या तज्ज्ञाला विचारण्याचा कळीचा प्रश्न: महिन्यातले अमुक दिवस गैरहजर आणि कामाच्या वेळेतला अमुक टक्के वेळ लक्ष नाही, अशा माणसाला कुठली नोकरी टिकवता येईल? महिन्याला दोन दिवस गैरहजर राहणाऱ्यालाही नोकरी टिकत नाही, असं हे तज्ज्ञ सर्रास सांगतात.

म्हणून डॉक्टरांचं पत्र याच भाषेत हवं. ‘ही रुग्ण डिसेबल्ड आहे’ या वाक्याला शून्य किंमत आहे, तो निर्णय सोशल सिक्युरिटीने घ्यायचा असतो. हवं ते असं: महिन्याला किती दिवस कामावर येऊ शकणार नाही, दिवसात न ठरवता किती वेळा आणि किती वेळ आडवं व्हावं लागेल, स्क्रीनसमोर किती वेळ, ट्यूबलाइट-आवाज-वास कुठवर सहन होतात, ही स्थिती कधीपासून आहे आणि किमान १२ महिने राहील का. आणि प्रत्येक उत्तराला त्यांच्याच नोंदींचा आधार. २०१७ च्या मार्चनंतरच्या अर्जांत नेहमीच्या डॉक्टरचं मत आपोआप वरचढ धरत नाहीत. नोंदींशी ते किती जुळतं यावर त्याचं वजन ठरतं. झोप, नैराश्य, मानदुखी असं आणखी काही असेल तर तेही अर्जात घाला. सगळ्याचा एकत्रित परिणाम बघणं त्यांना बंधनकारक आहे. चाळिशीतल्या माणसाबाबत हे जास्तच लागतं, कारण पन्नाशीनंतर वयाची जी सवलत नियमांत आहे ती तुम्हाला मिळणार नाही.

वकील आत्ताच घ्या, सुनावणीपर्यंत थांबू नका. सुरुवातीला फी द्यावी लागत नाही. जिंकलात तर थकबाकीच्या २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम (२०२५ मध्ये ती ९,२०० डॉलर होती), यांत जे कमी असेल ते थेट थकबाकीतून जातं. मात्र ‘डोकेदुखीची प्रकरणं केली आहेत का, १९-४पी वापरलाय का’ हे विचारूनच सही करा.

मंजुरी मिळाली तर डिसेबिलिटी सुरू झाल्यापासून पहिले ५ पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत, आणि अर्जाच्या तारखेच्या मागे जास्तीत जास्त १२ महिन्यांचे मिळतात. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, भत्त्याचा हक्क सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी मिळतो. १८ वर्षांखालच्या मुलांनाही तुमच्या खात्यावर काही रक्कम मिळू शकते. रक्कम तुमच्या पगारावर ठरते, ती सोशल सिक्युरिटीच्या ऑनलाइन खात्यात दिसेल. कमी उत्पन्नवाल्यांचं एसएसआय हे वेगळं प्रकरण आहे. नवऱ्याची कमाई त्यात मोजतात आणि ग्रीन कार्डवाल्यांना जादा अटी आहेत, म्हणून त्याच्या नादी लागण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

वाचकांपैकी जे याच त्रासात अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी: राजीनामा देण्याआधी एफएमएलएची, म्हणजे कुटुंब आणि आजारपणाच्या रजेच्या कायद्याखालची, रजा बघा. ती वर्षाला १२ आठवडे आहे आणि अटॅक येईल तशी तुकड्या-तुकड्यांनी घेता येते. न्यू जर्सीत राज्याचा तात्पुरता डिसेबिलिटी विमा २६ आठवड्यांपर्यंत आहे. कंपनीची लाँग टर्म डिसेबिलिटी पॉलिसी असेल तर ‘स्वतः सांगितलेली लक्षणं’ असलेल्या आजारांना २४ महिन्यांची मर्यादा आहे का, ते तिच्या बारीक अक्षरांत शोधा. भारतात परत जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हेही जाणून असावं की तिथल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मायग्रेनचं नाव नाही. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं आहेत.

सुनावणीची वेळ आलीच, तर कागदपत्रं किमान ५ कामकाजाचे दिवस आधी पोचवा, आणि फोन, व्हिडिओ की समोरासमोर हे वकिलाशी बोलून ठरवा. त्या दिवशी अटॅक सुरू झाला तर सोसत बसू नका. सुरुवातीलाच न्यायाधीशांना सांगा, दिवे मंद करायला किंवा थोडी विश्रांती घ्यायला परवानगी मागा. ते रेकॉर्डवर जातं. बोलणंच अशक्य असेल तर वकिलाकरवी तारीख बदलून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन अटॅकची नोंद करून घ्या.